यात्रेसाठी ट्रॉली घ्यावी का?

(सामुदायिक रेडिओवरून झालेल्या भाषणाचा मजकूर)

धाड आणि आसपासच्या गावांतल्या गटांच्या बैठकांमधून आलेला एकेक प्रश्न आपण या वेळात घेतो. आजचा प्रश्न कर्जाचा आहे आणि फिरायला जाण्याचाही आहे. म्हणून तो जरा सावकाश ऐका. हातातलं काम चालू राहू द्या, कान इकडे ठेवा.

एका गटात एका ताईने अर्ज दिला. घरी ट्रॅक्टर आहे, जुना आहे, पण चालतो. तिला छोटी ट्रॉली घ्यायची आहे. तिचं म्हणणं असं, की वर लोखंडी कमानी बसवू, त्यावर ताडपत्री टाकू, खाली गवताच्या पेंढ्या आणि गाद्या अंथरू. शेगावला जाऊ, होळीला सैलानीला जाऊ, जमलं तर लोणार, सिंदखेडराजा, वेरूळ पाहू. मुलं झोपतील, सासूबाई आडव्या होतील, भांडीकुंडी आणि शिधा सोबत राहील. वाटेत झाड दिसलं की थांबू, चूल मांडू, पिठलं-भाकर करू. अर्जात कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, "घरच्यांसोबत फिरायला."

बैठकीत काही जणी हसल्या. कर्ज बियाण्याला मागतात, म्हशीला मागतात, शिलाई मशीनला मागतात. फिरायला कोण मागतं? त्यावर ती ताई जे बोलली, ते मला महत्त्वाचं वाटतं. ती म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली. माहेर सोडलं तर मी चार गावं पाहिली असतील. दरवेळी दुसऱ्याच्या गाडीत जागा आहे का विचारायचं, आणि जागा नसली की घरी राहणारी मीच. घरची ट्रॉली असली की कुणाच्या तोंडाकडे पाहायला नको."

तिच्या या म्हणण्यात खोट काढायची मला हिंमत नाही. फिरायला जायची इच्छा चैनीची आहे असं कुणी म्हणू नये. आपल्या आज्या-पणज्यासुद्धा दमणीतून माहेरी आणि जत्रेला जायच्या. वर कापडाचं छत, आत गोधडी, सोबत शिदोरी. ज्याच्या घरी दमणी आणि चांगली बैलजोडी, त्या घरच्या लेकी-सुनांचं जाणं-येणं सोपं. ताईच्या मनातली ट्रॉली ही त्या दमणीचीच नात आहे. फरक एवढाच, की दमणी माणसांसाठी बनवलेली होती आणि ट्रॉली मालासाठी बनवलेली आहे. आजचं सगळं बोलणं या फरकावर आहे.

शहरातल्या बातम्यांत तुम्ही कॅराव्हॅन हा शब्द ऐकला असेल. झोपायची, स्वयंपाकाची सोय असलेली गाडी. महाराष्ट्र शासनानेही 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. परदेशात तर मोटारीच्या मागे जोडायची लहानशी खोलीच मिळते. आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी. कुटुंबं ती ओढत नेतात आणि मुक्कामाला उभी करतात. मोबाईलवर त्याचे व्हिडिओ पाहून आपल्याकडेही वाटतं, की आपणही ट्रॉलीचं तसंच करू. पण त्या व्हिडिओत एक गोष्ट नीट पाहा. गाडी चालू असताना माणसं पुढच्या मोटारीत, पट्टा लावून बसलेली असतात. ब्रिटनमध्ये तर ओढल्या जाणाऱ्या कॅराव्हॅनमध्ये बसून प्रवास करायला कायद्यानेच मनाई आहे. म्हणजे इतका पैसा घालून, माणसांना झोपण्यासाठीच बनवलेल्या खोलीतसुद्धा चाक फिरत असताना कुणी बसायचं नाही. मग सोयाबीनची पोती वाहायला बनवलेल्या ट्रॉलीत आपण लेकरं बसवावीत का, हा विचार करू.

आधी पैशाचा हिशोब करू, कारण अर्ज कर्जाचा आहे. मी धरलेले आकडे समजुतीसाठी आहेत. तुम्ही तुमच्या वहीत तुमच्या गावचे खरे आकडे टाका.

समजा लहान ट्रॉली दीड लाखाला मिळाली. गटाकडून दरमहा एक टक्का व्याजाने, उरलेल्या रकमेवर व्याज अशा पद्धतीने, तीन वर्षांसाठी कर्ज घेतलं. हप्ता येतो महिन्याला साधारण 4,980 रुपये. तीन वर्षांत परत जातात 1,79,280 रुपये. म्हणजे सव्वाएकोणतीस हजारांच्या वर नुसतं व्याज. टायर, ग्रीस, दुरुस्ती, विमा हे सगळं वेगळं.

आता याच घराचा एसटीचा हिशोब करू. घरात पाच माणसं. सासूबाई 76 वर्षांच्या, नवरा-बायको, एक मुलगी दहा वर्षांची, एक मुलगा आठ वर्षांचा. धाडहून बुलढाणा, पुढे बोथा घाटाने खामगाव आणि तिथून शेगाव, असे साधारण नव्वद किलोमीटर. समजा पूर्ण तिकीट 150 रुपये. एसटीत 75 वर्षांवरच्या ज्येष्ठांना 26 ऑगस्ट 2022 पासून प्रवास मोफत आहे, म्हणून सासूबाईंचं तिकीट शून्य. महिलांना 17 मार्च 2023 पासून निम्मं तिकीट, म्हणून ताईचे 75. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट, म्हणून दोघांचे दीडशे. घरधन्याचे पूर्ण 150. एकूण झाले 375. जाऊन-येऊन 750. वर्षातून अशा तीन यात्रा केल्या तर 2,250 रुपये.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवा. ट्रॉलीचा एका महिन्याचा हप्ता 4,980. या घराचं वर्षभराचं तिकीट 2,250. एका हप्त्याच्या पैशात दोन वर्षांच्या सहा यात्रा होतात आणि वर 480 रुपये उरतात. असे हप्ते मात्र छत्तीस भरायचे आहेत.

डिझेल तर अजून धरलंच नाही. समजा ट्रॅक्टर ट्रॉलीसह लिटरला पाच किलोमीटर चालला. शेगावला जाऊन-येऊन 180 किलोमीटर, म्हणजे 36 लिटर. लिटर 90 रुपये धरलं तर 3,240 रुपये. म्हणजे ट्रॉलीच्या एका फेरीचं डिझेल या घराच्या वर्षभराच्या तिकिटांपेक्षा जास्त.

यावर कुणी म्हणेल, "अहो बाई, ट्रॉलीत पाच जण थोडेच बसतात? भावकी मिळून वीस जण बसतात." बरोबर आहे. तोही हिशोब करू. वीस जण धरा. एक आजी, नऊ बायका, चार पुरुष, सहा मुलं. एसटीने आजीचे शून्य, बायकांचे नऊ गुणिले 75 म्हणजे 675, पुरुषांचे 600, मुलांचे 450. एका बाजूचे 1,725, जाऊन-येऊन 3,450 रुपये. ट्रॉलीचं डिझेल 3,240. फरक निघाला 210 रुपयांचा. वीस माणसं गच्च भरली, ट्रॉली फुकट मिळाली असं धरलं, तरी वाचतात दोनशे दहा रुपये. माणशी साडेदहा.

या साडेदहा रुपयांसाठी आपण काय पणाला लावतो, ते आता पाहू.

ट्रॉली जवळून बघा. बऱ्याचशा शेतीच्या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात. ब्रेक लागतो तो ट्रॅक्टरला. मागचा सगळा भार ट्रॅक्टरला पुढे ढकलत राहतो. सपाटीवर ते जाणवत नाही. पण आपण घाटावर राहणारी माणसं. धाड, बुलढाणा हा सगळा अजिंठ्याच्या डोंगररांगेवरचा भाग, आणि शेगाव, नांदुरा, मलकापूर हे खाली पूर्णेच्या खोऱ्यात. शेगावला जायचं तर घाट उतरावाच लागतो, मग तो बोथ्याचा असो की राजूरचा. उतारावर ट्रॉली मागून रेटते, वळणावर ती आडवी फिरायला बघते, आणि ट्रॅक्टर व ट्रॉली चाकूच्या पात्यासारखे एकमेकांकडे मिटतात. सगळा भार हूक आणि एका पिनवर. पोती असली तर भार खाली बसून राहतो. माणसं मात्र उभी राहतात, एका बाजूला वाकतात, फोटो काढायला फाळक्यावर बसतात. भार वर जातो आणि बाजूला जातो, त्यामुळे उलटायला वेळ लागत नाही.

मागे बसलेल्यांना धरायला काही नसतं. ट्रॅक्टरच्या आवाजात चालवणाऱ्याला मागची हाक ऐकू जात नाही. रात्री परतताना मागे दिवा नसला, लाल पट्ट्या नसल्या, तर मागून येणाऱ्या ट्रकला अंधारात ट्रॉली दिसत नाही. वर छत टाकलं की ऊन अडतं, पण उलटताना तेच छत आणि त्या कमानी अंगावर येतात. बाहेर पडायला वाट राहत नाही.

हे नुसतं घाबरवण्यासाठी सांगत नाही. 1 ऑक्टोबर 2022 ला उत्तर प्रदेशात कानपूरजवळ घाटमपूर भागात एका मुलाचं जावळ काढून देवीच्या देवळातून परतणारी ट्रॅक्टर-ट्रॉली तळ्यात उलटली. 26 जण गेले. त्यांत बहुतेक बायका आणि लेकरं होती. घरचाच कार्यक्रम, घरचीच माणसं, ताईच्या मनात आहे तशीच सहल. आणि आपल्या जवळचं सांगायचं तर एप्रिल 2025 मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना नेणारा ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत गेला आणि सात महिलांचा जीव गेला. त्या तर फिरायला नव्हे, कामाला निघाल्या होत्या. ट्रॉलीत बसणं आपल्याला इतकं रोजचं झालंय, की त्यात धोका आहे हे लक्षातच येत नाही.

आता कायद्याचं. मोटार वाहन कायदा 1988 चा आहे. त्याच्या भाषेत आपली ट्रॉली म्हणजे ट्रेलर. ट्रॅक्टरची नोंदणी वेगळी आणि ट्रॉलीची वेगळी. शेतीच्या कामासाठी नोंदलेल्या ट्रॉलीत प्रवासी वाहायची परवानगी नाही. कुणी म्हणेल, "पोलीस जत्रेच्या दिवशी कुठे अडवतात?" नसतील अडवत. पण अपघात झाल्यावर विमा कंपनी कागद बघते. ट्रॅक्टरचा विमा शेतीसाठी घेतलेला असतो. ट्रॉलीत बसलेली माणसं त्यात धरलेली नसतात.

सर्वोच्च न्यायालयापुढे 2007 साली असंच एक प्रकरण आलं होतं. माती वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसलेल्या एका मजुराला अपघात झाला होता. ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता होता. न्यायालयाने सांगितलं, की याची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही. मजूर गरीब होता म्हणून कंपनीने आधी त्याला पैसे द्यावेत आणि मग ते ट्रॅक्टरच्या मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. म्हणजे शेवटी भरणार कोण? मालक. आता विचार करा, भावकीतले वीस जण आपल्या ट्रॉलीत बसले आणि काही झालं, तर दुःख तर आहेच, वर भरपाई आपल्या शेतातून जाईल. जिच्या नावावर ट्रॉली घेतली, ती ताई मालक. कर्ज तिचं, ट्रॉली तिची, दावाही तिच्यावर. गटाने कर्ज देताना कारण म्हणून "घरच्यांसोबत फिरायला" असं लिहिलं असेल, तर तो कागदही दाव्यात पुढे येऊ शकतो.

म्हणून गटांना माझं सरळ सांगणं आहे. माणसं बसवून फिरण्यासाठी ट्रॉलीला कर्ज देऊ नका.

मग ट्रॉली घ्यायचीच नाही का? तसंही नाही. शेतीला लागत असेल तर जरूर घ्या, पण शेतीच्या हिशोबाने घ्या. मागच्या वर्षाची वही काढा. कापूस, मका, सोयाबीन बाजारात न्यायला, शेणखत टाकायला, चारा आणायला ट्रॉली किती दिवस भाड्याने आणली, ते मोजा. समजा एका दिवसाचं भाडं 1,000 रुपये. आपल्या उदाहरणातला वर्षाचा हप्ता 59,760 रुपये. म्हणजे वर्षातून किमान साठ दिवस ट्रॉली कामाला लागली, तरच हप्त्याची बरोबरी होते. तुमच्या वहीत साठ दिवस दिसतात का? दिसत असतील तर अर्ज पुन्हा लिहा, आणि कारण शेतीचं लिहा. पंधरा-वीस दिवसच दिसत असतील, तर भाड्याची ट्रॉली स्वस्त आहे. दोन-तीन घरांनी मिळून घ्यायची असेल, तर आधी कागदावर लिहा, की पेरणीच्या दिवसांत ती कुणाकडे किती दिवस राहील, टायर फुटला तर कोण भरेल आणि नोंदणी कुणाच्या नावावर असेल. भावकी तोंडी व्यवहाराने तुटते, हे आपल्याला माहीत आहे.

पण मैत्रिणींनो, एवढ्यावर मी थांबले तर त्या ताईवर अन्याय होईल. ट्रॉली नाकारली आणि बैठक संपली, म्हणजे ती पुन्हा घरीच. तिला जायचं होतं. तिच्या अर्जातली खरी मागणी ट्रॉलीची नव्हती, जाण्याची होती. गटाने त्या मागणीचं उत्तर दिलं पाहिजे. आणि ते देणं अवघड नाही.

पहिली गोष्ट, यात्रेचा पैसा वेगळा ठेवा. वर उदाहरणातलं घर वर्षाला 2,250 रुपये तिकिटावर घालतं. आठवड्याला 75 रुपये बाजूला पडले तर वर्षाचे 3,900 होतात. तिकिटं जाऊन 1,650 रुपये प्रसादाला, चहा-नाश्त्याला, मुलांच्या खेळण्याला उरतात. नेहमीच्या बचतीत ते मिसळू नका. वहीत वेगळं पान करा, वर "यात्रा" असं लिहा आणि ते पान बाईच्या नावाचं ठेवा. बियाण्याला कमी पडले म्हणून ते पैसे काढायला कुणी आलं, तर बैठकीत विचारून मगच द्या. आपली बचत अडीनडीला जाते, हे चांगलंच आहे. पण एक पान असं असू द्या, जे फक्त आपल्या जाण्याचं आहे.

दुसरी गोष्ट, एकटीने गाडी शोधू नका, गटाने शोधा. 2024 च्या आषाढीला एसटीने जाहीर केलं होतं, की एखाद्या गावातून 40 किंवा जास्त जणांनी एकत्र मागणी केली, तर त्या गावातूनच थेट पंढरपूरला बस मिळेल आणि महिलांची निम्म्या तिकिटाची, ज्येष्ठांची मोफत प्रवासाची सवलतही लागू राहील. चाळीस माणसं म्हणजे किती? चार गट आणि त्यांच्या घरचे. होळीला सैलानीच्या यात्रेसाठी एसटीच्या जादा गाड्या सुटतात. त्या कधी, कुठून सुटणार, हे आगारात आठ दिवस आधी विचारा. लग्नाला जशी गाडी ठरवतात तशी अख्खी बस प्रासंगिक कराराने मिळते, तिचा दर किलोमीटरवर असतो. त्यात सवलत धरली जाते का आणि एकूण किती पडेल, हे आगारातून लेखी घ्या आणि साध्या बसच्या तिकिटांशी ताडून बघा. खासगी गाडी केली तर पिवळ्या पाटीवर काळा नंबर आहे का बघा. ती भाड्याने माणसं न्यायची गाडी असते. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने करू नका, आणि जितक्या सीट तितकीच माणसं बसवा.

तिसरी गोष्ट सामानाची. ट्रॉली हवीशी वाटण्याचं निम्मं कारण भांडी आणि शिधा आहे. पण जरा आठवून बघा, ट्रॉलीतल्या यात्रेत चूल कोण मांडतं? पीठ कोण मळतं? भांडी कोण घासतं? पुरुष झाडाखाली आडवे होतात, मुलं खेळतात, आणि आपण घरचंच काम दुसऱ्या गावात जाऊन करतो. ट्रॉलीसोबत आपलं सगळं स्वयंपाकघर येतं. शेगावला मंदिरात महाप्रसाद आहे, राहायला संस्थानची भक्तनिवासं आहेत. तिथे गंज-पातेली न्यायची गरजच काय? चटणी-भाकरीची शिदोरी, पाण्याची बाटली आणि एकेक चादर पुरते. सैलानीला राहुटी टाकून चार दिवस मुक्काम करायचा असेल, तर सामान लागतंच. मग दहा घरांनी मिळून सामानासाठी मालवाहू टेम्पो भाड्याने करा. सामान टेम्पोत, माणसं एसटीत. टेम्पोत सामानासोबत कुणीही बसणार नाही, लेकरू तर नाहीच, हे निघायच्या आधीच सगळ्यांसमोर ठरवा.

चौथी गोष्ट म्हाताऱ्या माणसांची. ताईचं म्हणणं होतं, की ट्रॉलीत सासूबाईंना आडवं होता येईल. पण ट्रॉलीचा दणका 76 वर्षांच्या पाठीला सोसवत नाही. ट्रॅक्टरने तासाला वीस किलोमीटर धरले तर शेगावला साडेचार तास, न थांबता. एसटी त्याच्या बरीच आधी पोचते आणि सीटवर निदान गादी असते. आजीचं आधार कार्ड मात्र पदराला बांधल्यासारखं जवळ ठेवा. वयाचा पुरावा दाखवल्याशिवाय कंडक्टर मोफत तिकीट देत नाही. ज्यांचं वय 65 ते 75 आहे, त्या पुरुषांनाही निम्मं तिकीट आहे. सासऱ्यांना ही गोष्ट आवर्जून सांगा. बरेच जण पूर्ण पैसे भरतात.

आता कुणी म्हणेल, एसटी वेळेवर येत नाही, गर्दी असते, बदलून जावं लागतं. खरं आहे. मी तुम्हाला गुळगुळीत काही सांगत नाही. घरची गाडी आणि एसटी यांत सोयीचा फरक राहणारच. म्हणून भर यात्रेच्या दिवशी जाण्याचा हट्ट धरू नका. शेगावला प्रकटदिनाला लाखोंची गर्दी असते. पंधरा दिवसांनी, मधल्या वारी, मुलांना सुट्टी असेल तेव्हा जा. दर्शन निवांत होतं, बसमध्ये जागा मिळते. सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिवशी सगळा महाराष्ट्र लोटतो. तो सोहळा एकदा जरूर बघावा. पण जिजाऊंचा वाडा मुलांना नीट, हात लावून दाखवायचा असेल, तर साधा दिवस बरा. लोणारलाही उन्हाळा टाळा, दिवाळीनंतर जा.

त्या ताईच्या गटात पुढे काय झालं, तेही सांगते. अर्ज नाकारला नाही, बदलला. ट्रॉलीचं पुढच्या हंगामात बघायचं ठरलं, तोपर्यंत भाड्याचे दिवस वहीत मांडायचे. आणि त्याच बैठकीत पंधरा जणींनी "यात्रा" नावाचं पान सुरू केलं. पहिल्या आठवड्याचे 1,125 रुपये जमा झाले. कुठे जायचं, यावर मात्र वाद झाला. निम्म्या शेगाव म्हणाल्या, निम्म्या लोणार. शेवटी चिठ्ठी टाकली, लोणार निघालं.

आता तुमच्या गटासाठी काम सांगते. पुढच्या बैठकीला तीन आकडे घेऊन या. एक, मागच्या वर्षी ट्रॉली किती दिवस भाड्याने आणली. दोन, तुमच्या घरच्या माणसांचं शेगावचं जाऊन-येऊन एसटीचं तिकीट, सवलती धरून किती होतं. तीन, मागच्या तीन वर्षांत तुम्ही स्वतः, माहेर सोडून, किती ठिकाणी गेलात. पहिल्या दोन आकड्यांवरून ट्रॉलीचा निर्णय होईल. तिसरा आकडा सगळ्यांनी मोठ्याने सांगा. ज्या बाईचा आकडा शून्य निघेल, तिच्या सोयीची तारीख आधी धरा आणि मग बाकीच्यांनी आपापली कामं जुळवा.

पुढच्या वेळी आपण कापसाच्या बियाण्याच्या पावत्या कशा जपायच्या, यावर बोलू.